एकतिसावं घर

घाटंजीपासून दोन कोसांवर मोहदरी नावाचं गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडे उतरताना, तेव्हा एकतीस घरांची वस्ती होती. छपन्न सालच्या दसऱ्याला ही सगळी वस्ती पांढरे कपडे घालून नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परत आली. जाताना कोणी ट्रकमध्ये उभं राहून गेलं, कोणी अर्धी वाट पायी गेलं. सत्यभामा त्यांच्यातच होती. तिचं वय तेव्हा तीसच्या आसपास असेल.

ती चौथी शिकलेली होती. तिचा बाप एका मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायचा आणि तिथल्याच शाळेत त्यानं पोरीला बसवलं होतं. चौदाव्या वर्षी उकंडाशी लग्न होऊन ती मोहदरीला आली. उकंडा गावातले मोठे शेतकरी पुंडलिकराव यांच्या शेतावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, होता. तिला मूल झालं नाही. कापूस वेचणं, निंदण, जळण, पाणी यातच तिचे दिवस जायचे. तिच्या शिक्षणाचा वस्तीला उपयोग एवढाच, की कोणाचं कार्ड आलं तर ती वाचून दाखवायची आणि उत्तर लिहून द्यायची.

वस्तीतल्या म्हाताऱ्या देवरावानं मात्र तिला हेरून ठेवलं होतं. देवरावानं वीस वर्षं नागपूरच्या मिलमध्ये काढली होती. रुईचा धूळधुरळा छातीत घेऊन तो गावी परतला होता, आणि तीन वाक्यं बोलला की चौथ्याला खोकायचा. सत्तावन्नच्या जानेवारीत त्यानं पंचांसमोर सत्यभामेला बोलावलं. हातात घाटंजीच्या बाजारातून आणलेली जाडजूड वही होती.

"सूनबाई, आपले आजे-पंजे कसे जगले हे कोनत्या कागदावर हाय, सांग बरं," तो म्हणाला. "कोतवालाच्या बुकात जन्म नि मरन. मधातलं काहीच नाही. थे तू लिही. एकतीस घरं हायत. एकेका घराचं सारं लिही."

"मले नाही जमनार, मामाजी," सत्यभामा म्हणाली. "कार्ड लिहिनं वेगळं."

"सारं एकदम कोन मांगते तुले? दर इतवारी दोन पानं. वंदना झाली की इथीच वाचायची."

वहीच्या शेवटच्या पानांवर त्यानं पट्टीनं रेघा मारल्या. तारीख, पानं, सही. पहिल्या रविवारी सत्यभामेनं पाव पान आणलं, तर त्यानं पुढे 'पाव' असं लिहून सही केली. दुसऱ्या रविवारी ती रिकाम्या हातानं आली. देवरावानं गोल शून्य काढलं.

"शून्य कायले, मामाजी? जागा सोडून द्या ना."

"जागा सोडली त वाचनाऱ्याले वाटीन, त्या हप्त्यात इतवारच नाही आला." तो खोकला आणि सही करून मोकळा झाला. "चांगलं लिहिलं का वाईट, थे मी पाहत नाही. किती लिहिलं थे पाहतो."

त्या शून्याची तिला लाज वाटली. तिसऱ्या रविवारी तिनं एक पान आणलं, पाचव्या रविवारी दोन. वस्ती ऐकायला बसायची. आपल्या आज्याचं नाव कागदावरून वाचलं जातंय हे ऐकून म्हातारी माणसं हसायची, मध्येच चुका दुरुस्त करायची. मार्चपर्यंत तीन घरं झाली.

तोवर गावात बिनसलं होतं. वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. पोळ्याला, लग्नाला डफडं वाजवणं बंद केलं. गावानं महिनाभर वाट पाहिली आणि मग वस्तीचं काम बंद केलं. उकंडाचं साल सुटलं. वस्ती ज्या विहिरीच्या पन्हाळीवरून पाणी घ्यायची ती पुंडलिकरावांच्या मळ्यात होती. त्यांनी मळ्याला काट्यांचं कुंपण घातलं आणि वाट बंद केली. देवरावानं तहसिलीत अर्ज दिला. अर्ज तिथेच पडून राहिला आणि उन्हाळा आला.

पुरुष पहाटे घाटंजीच्या जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायला लागले. बाया नदीच्या वाळूत झिरा, म्हणजे पाझराचा खड्डा, खोदून पाणी काढायच्या. नदी आटत गेली तसा झिरा खोल होत गेला आणि काठाच्या दरडीखाली सरकला. मातीची दरड वरून पुढे आलेली होती. बायांनी ठरवून टाकलं, एकटीनं जायचं नाही. एकीनं खाली उतरून वाटीवाटीनं घागर भरायची, दुसरीनं वर उभं राहून दरडीकडे पाहायचं, माती झडायला लागली की ओरडायचं. कोणी कोणासोबत जायचं याच्या पाळ्या लावल्या होत्या.

सत्यभामेची जोडी कौतिकाशी होती. कौतिका म्हणजे शेजारच्या इंदूबाईची पोरगी, बारा वर्षांची. इंदूबाई विधवा होती. ती जिनात रुई वेगळी करायला जायची, म्हणून पाण्याला पोरगी जायची. बोलकी पोरगी होती. घागरीवर बोटांनी ताल धरत चालायची.

मे महिन्यातला शनिवार होता. सत्यभामेचं एकच पान झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी वाचायचं होतं. काम नसल्यामुळे दुपारी वेळ मिळायचा. ती दाराच्या सावलीत वही मांडीवर घेऊन बसली होती. आपल्या सासूचं लिहीत होती. तूर सोंगता सोंगता सासू धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, बाळंत झाली आणि संध्याकाळी पोराला ओच्यात घेऊन, डोक्यावर पेंढी ठेवून घरी आली, ती हकीकत. आजवर तिला एकेक ओळ ओढून काढावी लागायची. त्या दुपारी मात्र लिहिणं आपोआप यायला लागलं. सासू बोलायची तसं, चालायची तसं, शब्दाला शब्द लागून.

कौतिका घागर घेऊन दारात आली. "काकी, चाल ना. ऊन उतरलं."

"तू हो समोर. मी आलीच. येवढी ओळ होऊ दे."

"लवकर ये हं."

"आलीच म्हनलं ना."

ओळ झाली. पुढची सुचली. ती सुटेल म्हणून तीही लिहिली. मग पान भरलं. पान भरल्यावर तिनं शाई वाळायला वही उन्हात धरली, तेव्हा नदीकडून कोणीतरी धावत येताना दिसलं.

दरडीचा मोठा ढिपला पडला होता. चार माणसांनी हातांनी माती उपसली. पोरगी निघाली तेव्हा तिच्या मुठीत वाटी होती.

इंदूबाईला जिनातून बोलावून आणलं. ती आली, मातीत बसली. मग तिनं मान वर करून सत्यभामेकडे पाहिलं. "तू होती ना व संग?"

 सत्यभामेच्या मागे उकंडा उभा होता. तो म्हणाला, "तिले सकाळपासून ताप हाय, बाई. निजून होती. पोरगी एकटीच गेली."

इंदूबाईनं मान हलवली. तिसऱ्या दिवशी, स्वतःच्या घरात अजून चूल पेटलेली नसताना, ती सत्यभामेच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ताप उतरला काय तुहा?"

"उतरला," सत्यभामा म्हणाली.

पोरगी मेल्यावर गावात पोलीस आले, तहसिलीतला माणूस आला. पुंडलिकराव घाबरले. त्यांनी स्वतः उभं राहून कुंपण काढून टाकलं आणि विहिरीची वाट मोकळी केली. पंचनाम्यात अकस्मात मृत्यू एवढंच लिहिलं गेलं, पण वस्तीला पाणी मिळालं. कौतिकानं पाणी दिलं, असं लोक म्हणायला लागले.

त्यापुढचे तीन रविवार वहीत शून्य आहे. चौथ्या रविवारी देवरावानं तिला सासूचं पान वाचायला लावलं. ती नको म्हणत होती, तो ऐकेना. ऐकताना बाया पदर डोळ्याला लावत होत्या, इंदूबाईही लावत होती. देवराव कधी नाही ते बोलला. "सूनबाई, आज हात बसला तुहा." आणि त्यानं त्या रविवारपुढे 'दोन' असं लिहिलं.

साठच्या जानेवारीत देवराव गेला. शेवटी त्याला श्वास घेता येत नव्हता, तरी आदल्या रविवारची सही त्याची आहे, वाकडीतिकडी. तोवर एकोणीस घरं झाली होती. त्याच्यानंतर वंदनेला माणसं कमी व्हायला लागली, वाचन बंद पडलं. सत्यभामेला वाटलं, आता सुटलो. महिनाभर तिनं वही उघडली नाही.

एका रविवारी दुपारी इंदूबाई ओट्यावर येऊन बसली. "काढ वही."

"कायले, बाई? मामाजी गेले."

"म्हनूनच. आता तुह्यं कोन पाहीन? मले वाचता येत नाही, पन मोजता येते. उलट पानं."

तिनं ओलं बोट लावून पानं उलटली, नवीन एकही नाही हे पाहिलं. "काहीच नाही लिहिलं. शून्य लिही." सत्यभामेनं शून्य काढलं. इंदूबाईनं दौतीत अंगठा बुडवून सहीच्या रकान्यात ठेवला.

तेव्हापासून दर रविवारी ती येत राहिली. जिनातलं काम असो, अंगात कणकण असो. सत्यभामा वाचायची, ती ऐकायची, पानं मोजायची, अंगठा द्यायची. आणि उठताना दर वेळी विचारायची, "माह्या पोरीचं कधी येईन?"

"घरं ओळीनं घेऊन राह्यली, बाई. तुह्यं घर शेवटी हाय."

"येऊ दे. मी काही कुठी जात नाही."

घरं ओळीनं नव्हती. इंदूबाईचं घर सत्यभामेच्या घराला लागून होतं, ते तिच्या घरापाठोपाठ यायला हवं होतं. सत्यभामेनं क्रम बदलला होता. बासष्टच्या पावसाळ्यापर्यंत तीस घरं झाली. मग तिनं जुनी घरं पुन्हा काढली, अमुक राहून गेलं, तमुक चुकलं म्हणून दोन दोन पानं जोडली. कोणाच्या बैलाचा रंग, कोणाच्या आजीचं माहेर. इंदूबाईनं तेही ऐकून घेतलं. दिवाळीनंतर तेही संपलं.

मग शून्यं सुरू झाली. सात रविवार ओळीनं शून्य आणि पुढे अंगठा. सातव्या रविवारी इंदूबाईचा संताप झाला.

"साऱ्याईचं लिहिलं तू. त्या डोमाजीच्या कुत्र्याचं लिहिलं. माह्या पोरीनं तुमाले पानी पाजलं नि तिचं दोन पानं नाही होत तुह्याच्यानं? काहून?"

"होते, बाई. लिहितो."

"कधी?"

"या हप्त्यात."

त्या आठवड्यात ती रोज वही घेऊन बसायची. पहिले दोन दिवस तिनं तापाची गोष्ट लिहिली. मी निजून होते, पोरगी एकटी गेली. ती दोन पानं तिनं फाडून चुलीत घातली. उकंडानं पाहिलं.

"सहा वर्षं झाले," तो म्हणाला. "कायले उकरून राह्यली? तिले तरी काय भेटनार हाय?"

"मले दुसरं काही लिहिताच येऊन नाही राह्यलं."

"त नको लिहू. कोन मारून राह्यलं तुले?"

सत्यभामेनं नवीन पान उघडलं. उकंडा बाहेर जाऊन बसला. तापाची गोष्ट त्यानं तिला वाचवायला सांगितली होती, आणि त्या दिवसापासून तो इंदूबाईशी डोळ्याला डोळा देऊन कधी बोलला नव्हता.

रविवारी इंदूबाई आली. सत्यभामेनं वाचायला सुरुवात केली. कौतिकाचा जन्म, तिचा बाप, तिचं घागरीवर ताल धरणं. ते आठवून इंदूबाई हसलीसुद्धा. मग शनिवारची दुपार आली. सत्यभामा थांबली नाही. थांबली असती तर पुढे वाचता आलं नसतं. काकी, चाल ना. तू हो समोर. आलीच म्हनलं ना. ढिपल्यापर्यंत वाचून तिनं वही खाली ठेवली.

 वस्तीत कोणीतरी जळणासाठी पऱ्हाटी तोडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"ताप नव्हता तुले," इंदूबाई म्हणाली.

"नव्हता."

"किती येळ लिहित होती?"

"पानभर."

"कोनतं पान थे?"

सत्यभामेनं वहीच्या सुरुवातीच्या पानांत बोट घातलं.

"वाच थे पान."

"बाई, नको."

"वाच म्हनलं ना. पाहू दे, काय लिहित होती माही पोरगी मरत होती तवा."

सत्यभामेनं मागची पानं उलटली आणि सासूचं पान वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. इंदूबाईनं डोळे मिटून ऐकलं.

"मी रडलती हे आयकून," ती म्हणाली. "चांगलं हाय." मग तिनं विचारलं, "आजचे किती झाले?"

"साडेतीन."

"मांड."

सत्यभामेनं साडेतीन लिहिलं. इंदूबाईनं दौत ओढली, अंगठा बुडवला आणि ठेवला. मग पदराला बोट पुसत उठली आणि घरात गेली. तिचं दार सत्यभामेच्या दारापासून सहा पावलांवर होतं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्यानंतर कधीच नाही. पाण्याला जाताना ती लांबच्या वाटेनं जायला लागली. पण वस्तीत ती कोणाला काही बोलली नाही. सत्यभामा रोज वाट पाहत होती. आता कोणी विचारील, आता पंच बोलावतील, कोणी तोंडावर थुंकेल. लोक पूर्वीसारखेच बोलत होते, कार्डं वाचून घेत होते. ते तिला सोसेना. महिनाभरानं ती स्वतःच पंचांकडे गेली आणि वही समोर ठेवून म्हणाली, शेवटचं घर वाचते, सगळ्यांना बोलवा.

वस्तीचा कारभार तेव्हा भीमराज पाहत होता. त्यानं आधी ते घर एकट्यानं वाचलं. तो साधा, सरळ माणूस होता. वाचून झाल्यावर त्यानं वही बंद केली.

"वहिनी, हे नाही वाचता येनार."

"खरं हाय थे."

"खरं हाय म्हनूनच. थ्या पोरीच्या नावानं विहीर मोकळी झाली आपल्याले. उद्या पुंडलिकरावाच्या कानावर हे गेलं त तो म्हनन, तुमच्याच बाईनं पोरीले एकटं सोडलं, माह्यावर कायचा दोष? पन खरं पाहता वाट त त्यानंच बंद केलती ना? दरड का तुमी पाडली?"

"मी वर उभी राह्यली असती त पोरगी वाचली असती."

"असन." भीमराज खाली पाहत होता. "हे पान काढून टाका, बाकी सारं वाचू. तीस घरंच वाचू."

तिनं पान काढायला नकार दिला. मग वही कधीच वाचली गेली नाही. भीमराजनं ती विहारातल्या पेटीत ठेवायची म्हटली, तीही तिनं दिली नाही. ती घरीच राहिली, लुगड्यांच्या गाठोड्यात.

त्याच वर्षी पावसाळ्याआधी इंदूबाई वणीला भावाकडे निघून गेली. भाऊ कोळशाच्या खाणीत कामाला होता. जाताना तिनं सगळ्यांचा निरोप घेतला. सत्यभामेच्या दारासमोर ती थोडी थांबली. सत्यभामा आतून उठून येईपर्यंत पुढे गेली होती. सत्यभामेनं त्यानंतर स्वतःचं म्हणून काही लिहिलं नाही. लोकांची कार्डं लिहीत राहिली.

सहासष्टच्या थंडीत कोपरा फाडलेलं, म्हणजे मरणाची खबर देणारं, कार्ड आलं. वस्तीतली सगळी कार्डं तिच्याकडेच यायची, तसं हेही आलं. माणसं गोळा झाली आणि तिनं वाचून दाखवलं. इंदूबाई आठ दिवसांच्या आजारानं वारली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अमुक तारखेला.

"मी जातो," ती उकंडाला म्हणाली. तो सोबत येतो म्हणाला नाही.

दोन गाड्या बदलून ती वणीला पोचली. खाणीतल्या मजुरांच्या खोल्यांत भावाचं घर होतं. चौकात पाल बांधलं होतं. वंदना झाली, जेवणं झाली. भावाची बायको मथुराबाई तिच्याजवळ येऊन बसली.

"तुमी मोहदरीच्या ना? काय नाव तुमचं?"

"सत्यभामा."

मथुराबाईनं एकदम तिचे दोन्ही हात धरले. "तुमीच थ्या काकी? ननंदबाई लई सांगे तुमचं. इथल्या साऱ्या बायाईले सांगे. माही पोरगी गेली तवा तिची काकी वर उभी होती म्हने, लई बोंबलली म्हने, पळ, पळ. पन पोरीले आयकूच आलं नाही. काकीनंच मंग हातानं माती काढली म्हने. माही पोरगी एकटी नव्हती, असं म्हने थे." तिनं डोळे पुसले. "तेवढं तरी बरं, बाई. नाही त काय राह्यलं होतं तिच्यापाशी."

 आजूबाजूच्या दोन-तीन बायाही सत्यभामेकडे पाहत होत्या. त्यांनाही ती गोष्ट माहीत होती.

"खरं ना थे?" मथुराबाईनं विचारलं. तिनं सहज विचारलं होतं, पुढे बोलणं चालू राहावं म्हणून.

"हो," सत्यभामा म्हणाली.

दुपारच्या गाडीला अजून वेळ होता. मथुराबाईनं तिला थांबवून घेतलं, इंदूबाईचं अंथरूण कुठे होतं ते दाखवलं, शेवटचे दिवस कसे गेले ते सांगितलं. सत्यभामेनं सगळं ऐकलं. निघताना मथुराबाईनं वाटेसाठी दोन भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून दिली. नको म्हणायला तिचा हात वर झाला होता. मग तिनं ते फडकं घेतलं आणि स्टँडकडे चालायला लागली.